मेंढी रात्र मोजते

रोहिणी, ऐक ना. आधी फक्त ऐक. मध्ये बोललीस तर माझी लिंक तुटते आणि मी भलतीकडेच वाहत जाते, तुला माहितीये. शेवटी मी एक प्रश्न विचारणार आहे, तेव्हा तुझी बारी.

धर्मेश शेठ आठवतात? उल्हासनगरचे, जीन्स धुण्याचा कारखाना आहे त्यांचा, दर रविवारी गाडी घेऊन आमच्या बदलापूर गावात येतात आणि पप्पांकडून सहा ट्रे अंडी नेतात. हां, तेच, मला अकरावीपासून ‘मॅडम’ म्हणणारे. त्यांचं वांगणीला फार्महाऊस आहे. तिथे आंबे लावून झाले, बदकं पाळून झाली, आणि मग गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात मेंढ्या आल्या. वीस आणल्या. दहा काळ्या, देशावरच्या, एका धनगराकडून घेतलेल्या. आणि दहा पांढऱ्या, पार उत्तरेला वर डोंगरात कुठलं तरी फार्म आहे तिथून ट्रकने. त्यांच्या पणज्या म्हणे विलायतेतून आलेल्या. लोकर अशी की हात घातला तर मनगटापर्यंत बुडतो. शेठ त्यांना ‘इम्पोर्टेड माल’ म्हणायचे.

मी शनिवार-रविवार जायचे तिकडे. झूलॉजी घेतलंय ना, म्हणून शेठच बोलले, “मॅडम, आप पढी-लिखी हो, जरा वजनं-बिजनं लिहून ठेवा.” पण रोजचं सगळं बघायची ती ठमीमावशी आणि तिचा नवरा पदूकाका. वरच्या वाडीतले. त्यांचं दरवर्षीचं ठरलेलं, पावसात भात आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर. मेंढ्या आल्या आणि भट्टी सुटली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती दोघं अख्खं वर्ष स्वतःच्या घरी राहिली. हे लक्षात ठेव, सगळं ह्याच्यावरच आहे.

आता मेंढी फळली की नाही हे कसं कळतं माहितीये? मेंढ्याच्या छातीला रंग चोपडायचा. तो जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर रंग उठतो, बस. लोक गेरू वापरतात. शेठकडे कारखान्यातली निळी पावडर पोत्याने पडलेली, जीन्सची, मग गेरू कोण आणतंय. पदूकाका ती तेलात कालवायचे आणि सरपंचाच्या छातीला लावायचे. सरपंच म्हणजे मेंढा. काळा, एकच, आणि चालायचा असा की गावात रस्ता त्यानेच मंजूर करून आणलाय.

पहिल्या वर्षी आषाढात दहाच्या दहा काळ्या निळ्या झाल्या. पांढऱ्या पांढऱ्याच. सरपंच त्यांना हुंगायचा, मान वर करून ओठ मुडपायचा आणि नापास केल्यासारखा परत फिरायचा. मार्गशीर्षात काळ्या व्यायल्या, अंगणभर कोकरं, आणि ह्या पांढऱ्या बाया आपल्या रवंथ करत बसलेल्या, जसं काही आम्ही फक्त हवापालटाला आलोय.

आणि आता मी काय केलं होतं ते सांगते. आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी हिंमत जाईल.

मेंढ्या नवीन आल्या होत्या त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शेठ अंडी घ्यायला आले आणि मला विचारलं, “मॅडम, आपकी मुर्गी रोज अंडा कैसे देती है?” मी बोलले, पप्पा शेडमध्ये पहाटे आणि संध्याकाळी बल्ब लावतात, कोंबडीला वाटतं दिवस मोठा आहे, म्हणून अंडी वाढतात. इथपर्यंत बरोबर होतं गं. पण पुढे, कोणी विचारलेलं नसताना, मी बोलले, “मेंढ्यांना पण लावून बघा, सेमच असेल.”

सेमच असेल. एवढंच.

शेठना ते इतकं पटलं. “करेक्ट. कारखाने में भी लाईट चालू तो माल चालू.” पुढच्या रविवारी मेंढवाड्यात चार हॅलोजन. कारखान्यातले जुने, मोठे. दिवस मावळला की जे लागायचे ते उजाडेपर्यंत. वाडीतून खाली बघितलं तर मेंढवाडा लग्नाच्या हॉलसारखा दिसायचा, असं पदूकाका म्हणायचे. मला भारी वाटायचं, माझी आयडिया चमकतेय म्हणून.

दुसरा आषाढ आला. काळ्या निळ्या, पांढऱ्या पांढऱ्या. परत तेच.

गणपतीत शेठ प्रसाद घेऊन आले आणि मेंढवाड्यासमोर उभे राहून म्हणाले, “ठमी, तू चारा बराबर नहीं देती. काळ्या तुझ्या गाववाल्या, म्हणून त्यांना जास्त, हो ना?” मग शेठनी निकालच लावला. दिवाळीच्या पाडव्याला मी टेम्पो घेऊन येणार, जी निळी ती राहील, जी पांढरी ती कसायाकडे. आणि पांढऱ्या गेल्या तर नुसत्या काळ्यांना दोन माणसं कशाला, त्या धनगराला परत.

म्हणजे भट्टी. त्यांनी शब्द उच्चारला नाही, पण पदूकाकांनी खाली बसून विडी शिलगावली तेव्हाच मला कळलं.

शेठ गेल्यावर ठमीमावशी मला म्हणाली, “बाय, कालीला आन् गोरीला येकच टोपली हाय माजी. तू लिवतेस ना वजनं? सांग त्याला.” मी मान हलवली. माझ्या वहीत दोन्हींची वजनं मस्त होती. चारा चुकला नव्हता हे मला माहिती होतं, आणि मग चुकलं काय, ते माहिती नव्हतं. खरंच नव्हतं, शप्पथ.

आता नकटीचं ऐक. पांढऱ्यांतली एक, नाक जरा बसकं, म्हणून नकटी. ज्येष्ठात तिच्या पायाच्या खुरात चिघळलं होतं. बाकीच्यांना लागू नये म्हणून ठमीमावशीने तिला वर वाडीत स्वतःच्या घरी नेलेलं. खुराला हळद, खाली कोरडा पेंढा, तीन महिने ती तिथेच. विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फार्मवर गेले तर ठमीमावशी दोरीने नकटीला ओढत उतारावरून खाली येतेय, घाईघाईने. काही सांगितलं नाही, फाटक उघडलं आणि तिला आत ढकललं. सरपंच आला, हुंगलं, मान वर केली, आणि ह्या वेळी परत नाही फिरला.

दोन मिनिटांत नकटीची पाठ निळी.

आम्ही तिघं तोंड उघडं टाकून उभे. पदूकाका म्हणाले, “हिला कं झालं आता?” ठमीमावशी म्हणाली, “दोन दिस शेपूट हालवतेय. पाल्याला तोंड लावत न्हाय, निस्ती फाटकाशी जाऊन वरडते. मला वाटलंच.”

मी तिच्या मागेच लागले. काय दिलंस तिला? तोच पाला. पाणी? हितलंच, पदू घेऊन यायचा. औषध? हलद. मग वेगळं काय होतं? ठमीमावशीने नकटीकडे बघितलं. मग म्हणाली, “आमच्याकडं अंधार जास्त. दुसरं काय न्हाय. हितं ह्या झोपतच न्हायत, बाय. माज्याकडं ही दिवेलागणीला डोले मिटायची.”

आणि मी हसले. आठवतंय मला. मी हसले आणि म्हणाले, मावशी, अंधाराने कोणी माजावर येतं का.

पण ते डोक्यातून जाईना. सोमवारी कॉलेजला विनिता मॅडमना गाठलं, प्रॅक्टिकल संपल्यावर, त्या पर्स आवरत होत्या. सगळं सांगितलं, बल्बचं सोडून. मॅडम परत बसल्या. रोहिणी, त्या जे बोलल्या ते मी तुला जसंच्या तसं सांगू शकणार नाही, पण अंगावर काटा आला माझ्या.

त्या म्हणाल्या, ज्या मुलखात बर्फ पडतो तिथे कोकरू हिवाळ्यात जन्मलं तर मेलंच. ते जन्मायला हवं बर्फ वितळून गवत फुटतं तेव्हा. मेंढीच्या पोटात ते पाच महिने असतं. म्हणजे पाच महिने आधी, थंडी यायच्याही आधी, तिला कळायला हवं की आता वेळ झाली. कसं कळणार? थंडी फसवते, पाऊस फसवतो. फसवत नाही ती फक्त रात्र. ती रोज थोडीथोडी लांब होत जाते, दरवर्षी, ठरल्या दिवशी तेवढीच. मेंढीच्या डोळ्यातून तो अंधार मेंदूत जातो, तिथे एक रस सुटतो, जेवढी रात्र लांब तेवढा वेळ सुटत राहतो. आणि असं पुष्कळ दिवस झालं की तिचं शरीर म्हणतं, चला. कोंबडीचं उलटं. तिचं पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर, म्हणून ती वाढत्या दिवसाची वाट बघते. कोंबडी दिवस मोजते आणि मेंढी रात्र मोजते.

मी विचारलं, मग आपल्या काळ्या? मॅडम हसल्या. आपल्याकडे बर्फ कुठला, म्हणाल्या. दिवसरात्रीत फरकही थोडा. इथे कोकरू जगतं ते गवतावर आणि गवत येतं पावसाने. म्हणून आपल्या मेंढीने रात्रीवर फार भिस्त नाही ठेवली, तिचं सगळं हिरव्या चाऱ्यावर. आषाढात पोट भरलं की ती तयार, बल्ब असो नसो.

तू विचार कर. एका वाड्यात वीस मेंढ्या, एकच पाला खाणाऱ्या, आणि त्यांच्या आत दोन वेगळी पंचांगं. त्या पांढऱ्यांनी विलायत बघितलेली नाही. त्यांच्या आयांनीही नाही. आणि कुठल्या तरी पणजीच्या पणजीच्या गावी पडलेला बर्फ ह्यांच्या अंगात अजून पडतोय. वांगणीत. घामाच्या धारा लागल्यात आणि आत कोणीतरी शांतपणे मोजतंय की गवत कधी फुटेल, तिकडे, जिथे ती कधीच जाणार नाहीये. मी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि मला रस्ता दिसतच नव्हता.

आणि स्टेशनच्या जिन्यावर मला ते चार हॅलोजन दिसले. म्हणजे डोक्यात. दीड वर्ष त्या बिचाऱ्या रात्र मोजायला बसत होत्या आणि मी त्यांना रात्रच येऊ दिली नव्हती. त्यांच्यासाठी उन्हाळा संपलाच नव्हता. आणि बोलणी कोणी खाल्ली तर ठमीमावशीने.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं आणि दुपारी वांगणी. ठमीमावशी पाला निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, बल्बचं पण, सेमच असेल म्हणाले ते पण. मला वाटलं ती ओरडेल. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. “म्हंजे दीड वरीस मी मेंढरं न्हाय, तुज्या बापाच्या कोंबड्या राखल्या.” मग डोळे पुसले आणि विचारलं, “किती दिस लागतील?”

मी म्हणाले, सहा-सात आठवडे, मॅडमनी अंदाज दिलाय. दिवाळी सहा आठवड्यांवर.

ती उठली, मीटरच्या पेटीशी गेली, फ्यूज ओढून काढला आणि कनवटीला खोचला. असा, सुपारी खोचावी तसा. “उडाला सांगू,” म्हणाली.

पदूकाका म्हणाले, “आन् बिबट्या?” बारवी धरणाच्या जंगलातून येतो ना तो, गेल्या मे महिन्यात शेजारच्या फार्मवरचा कुत्रा नेलेला. ठमीमावशी म्हणाली, “तू हितं झोप. बिबट्या तुला बघून जाईल माघारी, मी रोज बघते तरी कुटं जाते.” त्यांनी वाड्याला चारही बाजूंनी फळ्या मारल्या आणि दोघं बाहेर बाजेवर झोपायला लागली, कोयता उशाला घेऊन. शेठना पदूकाकांनी फोन केला, फ्यूज गेलाय, लाईट बंद आहे. शेठ म्हणाले, “अरे दिवाळी सीझन है, मरने को टाईम नहीं. दिवाळी के बाद वायरमन भेजता हूं.”

मग नुसतं थांबायचं. तुला सांगू, मी आयुष्यात रात्रीची एवढी वाट बघितली नाही. रोज संध्याकाळी आमच्या शेडमधला बल्ब लागला की मला वांगणीचा अंधार आठवायचा आणि वाटायचं, आज परवापेक्षा दोन मिनिटं जास्त झाली असतील. घट बसले, काही नाही. दसरा, काही नाही. कोजागिरीला मी घाबरून फोन केला की मावशी, चंद्र, तर ती म्हणाली, “गोनपाट लावलेत. आता चांदन्या पन झाकू काय?” सरपंच रोज हुंगायचा आणि परत फिरायचा.

वसुबारसेला सकाळी साडेसहाला पदूकाकांचा फोन. एवढंच म्हणाले, “दोन.”

मी गेले तर दोन पांढऱ्यांच्या पाठी निळ्या. ओल्या निळ्या. मी हात लावला तर बोटांना आला रंग. त्या उभ्या होत्या शांत, कान हलवत, आणि मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती, देवळात चपला घालून शिरल्यासारखी.

पाडव्यापर्यंत पाच झाल्या. नकटी धरून सहा. चार पांढऱ्या राहिल्या.

शेठ आले, मागे टेम्पो. पांढरा झब्बा, मिठाईचे बॉक्स. निळ्या पाठी बघून इतके खूष झाले. “देखा? डांटा तो काम हुआ. ठमी, आधीच नीट चारा दिला असता तर?” ठमीमावशी खाली बघत उभी. मग शेठनी चार बोटं दाखवली ड्रायव्हरला. टेम्पोचं फळकं खाली आलं. आणि गाडीतून नवे दिवे काढले, एलईडी, खोक्यातले. “ये मेरी तरफ से मेंढी लोगों को दिवाळी.”

त्या चार अजून आठ-दहा दिवसांत निळ्या होणार होत्या, हे मला कळत होतं, ठमीमावशीला कळत होतं. एकीचं शेपूट हलायलाही लागलं होतं. ड्रायव्हरने तिलाच धरलं.

मी बोलले. काय क्रमाने बोलले माहीत नाही. शेठ, थांबा, चाऱ्याचं काही नाही, मीच लाईट लावायला सांगितली, ते उलटं असतं, त्यांना अंधार लागतो, म्हणून बंद ठेवली, आता दहा दिवस द्या फक्त. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, मराठीतच म्हणाले, “बंद ठेवली? फ्यूज उडाला होता ना? कोणी बंद केली?”

ठमीमावशीचा हात कनवटीला गेला. मी बघितलं. फ्यूज अजून तिथेच होता. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी मी म्हणाले, “मी.”

सरपंच कुठेतरी खोकला. शेठ म्हणाले, “दीड साल, मॅडम.” एवढंच, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ड्रायव्हरला म्हणाले, “छोड. दस दिन.” दिव्यांची खोकी परत गाडीत टाकली. जाताना म्हणाले, “उद्यापासून तुम्ही येऊ नका. ठमी संभाळेल.” अंडी पण बंद झाली. पप्पांना मी अजून कारण सांगितलेलं नाही.

तुळशीच्या लग्नाला शेवटची चौथी निळी झाली. पदूकाकांनी व्हिडिओ पाठवला, त्यात नुसता निळा ठिपका हलतोय आणि मागे काकांचं हसणं. ठमीमावशी भट्टीवर गेली नाही.

आता परवाचं. नकटी माघातच व्यायली होती, बाकीच्या गुढीपाडव्याच्या आसपास. मला फार्मवर बंदी, पण वाडीत जायला कोण अडवतंय, गेले सरळ वर. ऊन असं की डोळे उघडवेनात. डोंगर सगळा पिवळा, गवताची काडी नाही. ठमीमावशी उंबराच्या झाडावर चढून पाला तोडत होती. खाली सावलीत तिने सोबत वर आणलेली दोन कोकरं, लंगड्या उड्या मारत. आणि मला एकदम कळलं, रोहिणी. तिकडे, त्या बर्फाच्या गावात, आत्ता गवत फुटत असेल. अगदी आत्ता. त्या वेळेवर व्यायल्या होत्या, एक आठवडा इकडेतिकडे नाही. फक्त गाव चुकलं होतं. आणि त्या चुकलेल्या गावात एक बाई भर उन्हात झाडावर चढून त्यांच्यासाठी हिरवं खाली टाकत होती. मी कोकरांजवळ जाऊन बसले.

ती उतरली, एक कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं. गरम होतं, हृदय धडधडतंय नुसतं. मी म्हणाले, मावशी, सगळं नीट झालं ना. ती पाला पसरत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “शेठ आलेला. बोलला, ती पोरगी चुकली पन लई हुशार, तिनंच वलखलं आन् तिनंच लाईट बंद केली. समद्यांना सांगतो तो.” तिने एक फांदी झटकली. “अंधार मी वलखला, बाय. तू हसली व्हतीस. फ्यूज मी काडला. मी तोंड उघाडलं व्हतं, तू मदीच बोललीस.”

मी म्हणाले, अगं मावशी, तुला काढून टाकलं असतं ना.

“टाकलं असतं,” ती म्हणाली. “न्हाय तर नसतं पन टाकलं. त्ये आता कोनाला ठावं?” आणि कनवटीतून तो फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. हा बघ. घरी बाहेर काढून ठेवायचा धीर होत नाहीये, म्हणून परवापासून पर्समध्येच फिरवतेय. त्याच्यावर बोटाचा निळा ठसा आहे, तिचा.

झालं, आता बोल तू. टेम्पोचं फळकं खाली आलंय, चार पांढऱ्या समोर, ठमीमावशीचा हात कनवटीला, आणि शेठ विचारतायत, कोणी बंद केली. माझ्या जागी तू काय म्हणाली असतीस?